जुना डीएसएलआर की नवा मिररलेस?

लग्नाच्या फोटोंच्या ऑर्डरी घेणाऱ्या कोल्हापूरच्या पोरांपुढं सध्या हाच सवाल आहे: आत आरसा असलेला डीएसएलआर कॅमेरा घ्यावा की बिनआरशाचा मिररलेस? (मूकपटांच्या जमान्यातले दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांनी इथं कॅमेरा घडवला होता, आपल्याला नुसता निवडायचाय.) मोबाइलनं छोटे कॅमेरे गिळले. 2010 मध्ये जगभरात 12 कोटींवर डिजिटल कॅमेरे बाजारात गेले, 2023 मध्ये 80 लाखही नाहीत. ऑलिम्पसनं 2020 मध्ये कॅमेऱ्याचा धंदाच विकायला काढला. कॅनन, निकॉन तगले, पण आता त्यांचा सगळा जोर मिररलेसवर.

म्हणूनच सेकंडहँड डीएसएलआर स्वस्तात पडतो, लेन्सही. निकॉनचा एफ माउंट (लेन्स बसवायची खाच) 1959 पासूनचा, जुना माल भरपूर. बॅटरीही दमदार. जोतिबाच्या चैत्र यात्रेत मी तरी डीएसएलआरच गळ्यात अडकवतो. गुलाल उडताना लेन्स बदलायची वेळ आलीच, तर सेन्सरपुढं (फोटो टिपणाऱ्या चिपपुढं) आरसा आणि शटर असतं. बऱ्याच मिररलेसमध्ये सेन्सर थेट उघडा पडतो, त्यावर गुलाल बसला की मग आभाळाच्या प्रत्येक फोटोत डाग.

मिररलेसची खरी कमाल फोकसमध्ये. खासबागेत पैलवान पट काढायला झेपावला तरी फोकस डोळ्याला चिकटून राहतो. मंगलाष्टकांत शटरची खटखट नाही. निकॉनच्या एएफ-डी नावाच्या जुन्या लेन्स मात्र मिररलेसला एफटीझेड अडॅप्टरनं (जुनी लेन्स जोडायच्या कड्यानं) लावल्या तर हातानंच फोकस कराव्या लागतात.

व्हिडिओवर पोट असेल तर कर्ज काढून मिररलेस घ्या. नुसते फोटो असतील तर डीएसएलआर बास. सेकंडहँड घेताना शटर काउंट (आजवर शटर किती वेळा उडालं तो आकडा) तेवढा बघा.