गणपती पेठेतला सुटा वेलदोडा

सांगलीच्या गणपती पेठेतील मसाल्याच्या एका दुकानातून मी गेल्या दिवाळीपासून सुटा हिरवा वेलदोडा घेत आहे. पुरणापासून नानकटाईपर्यंत तो वापरून पाहिल्यावर त्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटले. माल केरळातील इडुक्कीचा असून 8 मिलिमीटरचा टपोरा आणि त्याहून बारीक अशा दोन प्रतींत मिळतो. वजन करण्यापूर्वी दुकानदार डब्यातले दोन-तीन वेलदोडे फोडून दाखवतात, ही पद्धत मला फार मोलाची वाटते. कारण वेलदोड्याची पारख सालीच्या हिरवेपणावरून होत नाही, ती आतल्या दाण्यांवरून करावी लागते. दाणे काळसर, किंचित चिकट आणि चुरताच नाकात भरणारे असावेत. तेल काढून घेतलेल्या मालाचे दाणे सुकलेले आणि फिके दिसतात. दोन्ही प्रती या कसोटीला उतरल्या, मात्र बारीक वेलदोड्याला टपोऱ्याइतकाच वास असल्याने आणि तो स्वस्तही पडत असल्याने स्वयंपाकासाठी मी तोच घेते.

नानकटाईसाठी पाव किलो मैद्याला बारा वेलदोड्यांचे दाणे चमचाभर साखरेबरोबर खलबत्त्यात कुटले आणि ती पूड मैद्यात न मिसळता फेसायच्या तुपातच घातली. वेलदोड्याचा सुवास उडून जाणाऱ्या तेलात असतो आणि ते तेल तुपात चांगले मुरते, त्यामुळे भाजल्यावर दुसऱ्या दिवशी डबा उघडला तरी वास जाणवत होता. पुरणाला मात्र हा क्रम चालत नाही. गुळाबरोबरच पूड घातली तेव्हा स्वयंपाकघर घमघमले आणि पोळीत काहीच उरले नाही. आता पुरण शिजून चुलीवरून उतरले, की मगच जायफळाबरोबर ती मिसळते.

त्याच दुकानातील तयार वेलची पूड मात्र घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ती सालीसकट दळलेली असल्याने फिकट, चोथट आणि मंद वासाची निघाली. श्रीखंडात दुप्पट घालूनही चव आली नाही. साली चहासाठी उत्तम, श्रीखंडासाठी नव्हेत. शिवाय सुटा वेलदोडा पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून मिळतो, तो घरी आल्याबरोबर घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरावा आणि बरणी गॅसच्या शेगडीपासून दूर ठेवावी.