पहिला खर्च कशावर: एसएसडी, रॅम की ग्राफिक्स कार्ड?

डेस्कटॉप रखडायला लागला की 'रॅम वाढव' हा सल्ला हमखास मिळतो, आणि बऱ्याचदा दुखणं वेगळंच असतं. म्हणून काही घेण्याआधी, मशीन अडखळत असतानाच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. डिस्क शंभर टक्क्यांवर, म्हणजे सतत कामात आहे, पण मेमरी (म्हणजे रॅम) निम्मी रिकामी? मग रॅमचा उपयोग नाही. दोन्ही भरलेली दिसली, तर मात्र फसू नका. मेमरीत जागा उरली नाही की विंडोज तिथला माल डिस्कवर हलवतं, त्यामुळे डिस्कवर विनाकारण आळ येतो.

विंडोज अजून हार्ड डिस्कवर असेल, तर माझं मत ठाम आहे: आधी एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला 5400 किंवा 7200 फेरे घेते आणि हवी ती फाईल गाठायला दर वेळी साधारण 10 मिलिसेकंद जातात. विंडोज सुरू होताना अशा हजारो छोट्या फायली वाचाव्या लागतात. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, म्हणून तीच वाट मिलिसेकंदाच्या एका अंशात संपते.

एसएसडी दोन प्रकारच्या जोडणीत मिळते: जुनी साटा सेकंदाला सुमारे 550 एमबी वाचते, नवी एनव्हीएमई 3500 आणि त्याहूनही पुढे जाते. आकडे बघून साटाला नाक मुरडू नका. रोजच्या कामात या दोघींतला फरक थोडाच जाणवतो. हार्ड डिस्क सोडल्याचा फरक मात्र पहिल्याच दिवशी कळतो. मदरबोर्डवर (कॉम्प्युटरच्या मुख्य बोर्डवर) एम.2 स्लॉट, म्हणजे एसएसडी थेट बसवायची जागा, असला तरी त्यात साटा चालते की एनव्हीएमई, हे मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये बघूनच घ्या. कष्ट आहेत ते विंडोज नव्या एसएसडीवर आणण्याचे. त्याआधी बॅकअप घ्याच.

रॅम बसवणं त्या मानाने अगदी सोपं. डीडीआर3, डीडीआर4 आणि डीडीआर5 या रॅमच्या पिढ्यांच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात, त्यामुळे स्टिक (रॅमची पट्टी) बसत नसेल तर जोर लावू नका. 16 जीबीची एक घेण्यापेक्षा 8 जीबीच्या दोन बऱ्या, कारण ड्युअल चॅनेलचा, म्हणजे माहिती एकाच वेळी दोन वाटांनी जाण्याचा, फायदा मिळतो. जुन्या स्टिकसोबत नवी जोडली, तर दोन्ही हळू असलेलीच्या वेगाने चालतात.

ग्राफिक्स कार्ड फक्त गेम, थ्रीडी किंवा जड व्हिडिओ एडिटिंगसाठी. शिवाय ते एकटं येत नाही. मदरबोर्डच्या स्लॉटमधून 75 वॉटच मिळतात, 8 पिनच्या केबलमधून आणखी 150. म्हणजे एसएमपीएसची (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याची) ताकद, त्यातल्या केबल आणि कॅबिनेटमधली लांबी, तिन्ही तपासायचं. प्रोसेसर जुना असेल तर महागडं कार्डही त्याच्यासाठी थांबून राहतं. पहिल्या प्रयत्नाला मी हे सुचवणार नाही.

काहीही बसवायचं असो, मशीन बंद करून प्लग काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. रॅम टाकल्यावर स्क्रीन काळीच राहिली, तर बहुधा स्टिक अर्धवट बसलेली असते. काढून पुन्हा दाबा, क्लिक ऐकू येईपर्यंत. डीडीआर5 असेल तर त्याआधी थोडा धीर धरा: नवी मेमरी ओळखून जुळवून घ्यायला बोर्डला पहिल्या वेळी काही मिनिटंही लागू शकतात.