हिंसाप्रतिबंध प्रकल्पाची लोकसंपर्क सेवा : वर्षभराचा अनुभव

आमच्या वस्तीतील हिंसाप्रतिबंध प्रकल्पाची लोकसंपर्क सेवा मी वर्षभर जवळून पाहिली असून, समन्वयकांनी निवडलेली माणसे हेच तिचे सर्वांत मोठे बळ आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. साथरोगतज्ज्ञ गॅरी स्लटकिन यांनी २००० साली शिकागोमध्ये सुरू केलेल्या पद्धतीत हिंसेकडे संसर्गासारखे पाहिले जाते. म्हणूनच एका हल्ल्यातून सूडाचा दुसरा हल्ला घडू नये यासाठी, ज्यांचा शब्द तरुण मानतात असे वस्तीतलेच कार्यकर्ते तातडीने संबंधितांना भेटतात. येथेही एका मारहाणीनंतर दोन कार्यकर्ते जखमी मुलाच्या मित्रांसोबत रुग्णालयात रात्रभर बसून राहिले. पोलिसांना बातमी पुरवणे हे आपले काम नाही, हे समन्वयकांनी आधीच स्पष्ट केले असल्यामुळे (हा विश्वास एकदा गेला की परत मिळत नाही) ती मुले मोकळेपणाने बोलली आणि सूडाची भाषा निवळली. सभा मात्र दुपारी होत असल्याने नोकरदार पालकांना येता येत नाही. रोज असे प्रसंग झेलणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी समुपदेशनाची सोय नाही, ही उणीव मला अधिक गंभीर वाटते. प्रकल्पाची मुदत वाढवण्यापूर्वी या समुपदेशनासाठी स्वतंत्र निधी ठेवावा.