फायरमनच्या घरातला गरम डबा : आठ महिने वापरून लिहिते आहे

डबा घेऊन आठ महिने झाले, आता बोलायला हरकत नाही. घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी पाच स्टार देऊन मोकळे होणारे लई असतात, पॅकिंग छान होतं म्हणून पण स्टार देतात. माझं तसं नाही, भांडं वापरून वापरून त्याची खोड कळल्याशिवाय मी कुणाला घ्या म्हणत नाही.

तर वस्तू अशी, स्टीलचा व्हॅक्यूमवाला टिफिन, बाहेर एक उभं दुहेरी भांडं, आत तीन डबे एकावर एक, वर फिरवून बसवायचं झाकण आणि खांद्याला अडकवायची कापडी पिशवी. दसऱ्यानंतर परभणीतच भांड्याच्या दुकानातून घेतला, साडेतेराशेला, दुकानदार चौदाशेच्या खाली यायला तयार नव्हता पण सासूबाई सोबत होत्या. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण पुढं तक्रार पण करणारे, आणि तसंही हे डबे सगळे सारखेच दिसतात.

घ्यायचं कारण म्हणजे आमचे हे फायर ब्रिगेडला आहेत. रात्री ८ ते सकाळी ८ अशी पाळी असली की सव्वासातला घरातून निघतात. जेवायची वेळ नऊची, पण ती आपली म्हणायची. भाकरी मोडून पहिला घास तोंडात घालायचा अन् घंटा वाजायची, मग ताट तसंच, पायात बूट अन् गाडीत. येतात कधी अकराला, कधी तीनला, कधी सकाळी उजाडल्यावर. साध्या डब्यातलं कालवण तोपर्यंत गारढोण, वर तेलाचा थर धरलेला, आणि स्टेशनला शेगडी असली तरी रात्री तीनला दमून आलेला माणूस कशाला गरम करत बसतो हो, थंडच खातो नाहीतर तसाच झोपतो.

डब्याच्या खोक्यावर लिहिलंय १२ तास गरम. हे खोटं आहे असं नाही म्हणणार, पण कशाला गरम म्हणायचं हा प्रश्न आहे. आम्ही घरी बघितलं एकदा. सात वाजता उकळती आमटी भरली आणि दर दोन तासांनी बघायचं ठरवलं. नववीतली पोरगी लई हुशार, तिनं ताप मोजायचं थर्मामीटर आमटीत घातलं, ते नुसतं एच दाखवायलं, ४२-४३ च्या वर ते मोजतच नाही म्हणे. शेवटी बोटानंच. (थर्मामीटरला अजून लसणाचा वास आहे, ताप आला की आठवण येते.) तर रात्री एकपर्यंत आमटी चांगली गरम, फुंकून खावी अशी. तीनला नुसती गरम. सकाळी सातला कोमट, थंड नाही एवढंच. आणि हे दर दोन तासांनी झाकण उघडून, न उघडता ठेवला तर अजून बरा चालतो.

पण एक युक्ती आहे, ती खोक्यावर बारीक अक्षरात असते अन् कोणी वाचत नाही. भरायच्या आधी उकळतं पाणी ओतून झाकण लावून पाच-दहा मिनिटं ठेवायचं, मग ते फेकून जेवण भरायचं. नाहीतर थंड स्टीलच पहिल्यांदा आमटीची गरमी पिऊन घेतं. आणि डबा काठोकाठ भरायचा, अर्धा भरला की लवकर निवतो.

खरी परीक्षा जानेवारीत झाली. आमच्याकडं कापसाचा सीझन, जिनिंगला, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याला, आग लागली म्हणजे ती रात्र गेलीच समजा. कापूस वरून विझला तरी आत धुमसत राहतो, दोन तासांनी परत धूर, म्हणून गंजी फोडून फोडून पाणी मारत बसावं लागतं. हे साडेचारला स्टेशनला आले, हातपाय धुऊन डबा उघडला. म्हणजे नऊ तास वर झाले होते. येसरची आमटी, कोमटच्या थोडी वर होती म्हणाले, दोन वाट्या पिले. मला एवढंच पाहिजे होतं.

भाकरी मात्र ह्या डब्यात घालू नका. मी पहिल्या दिवशी गरम गरम ज्वारीच्या भाकरी वरच्या डब्यात घातल्या, वाफेनं अशा ओल्या झाल्या की ह्यांनी सकाळी विचारलं आज भाकरीचा काला दिला होता काय. भाकरी फडक्यात गुंडाळून बाहेर पिशवीतच बरी. धपाटे चालतात, फक्त आधी जरा गार होऊ द्यायचे. पिठलं घट्ट बसतं, पातळ करा. आणि भात मी आता रात्रपाळीला देतच नाही. एकदा दिला होता, पहाटे कोमट खाल्ला अन् दुसरा दिवस संडासात गेला. डॉक्टर म्हणाले भातात एका जंतूचं बीज असतं ते शिजवून पण मरत नाही, आणि अन्न ६० डिग्रीच्या खाली तासन्‌तास कोमट राहिलं की तिथंच ते वाढतं. म्हणजे १२ तास गरमच्या नादात १२ तास कोमट खाऊ घालायचं नाही. मध्यरात्र उलटली तर आमटी आधी उकळून घ्यायची असं मी ह्यांना सांगून ठेवलंय, कधी ऐकतात कधी नाही.

एक गोष्ट डब्याशी संबंधित आहे पण खोक्यावर लिहिलेली नसते. सकाळी डबा परत आला की मी आधी तो उचलून बघते. हलका असला की रात्र साधी गेली. जड असला की बोलत नाही, चहा ठेवते. एकदा तिन्ही डबे जसेच्या तसे आले, झाकण पण फिरवलेलं नव्हतं, हे न सांगता अंघोळीला गेले अन् मग दुपारपर्यंत झोपले. काय झालं ते मला संध्याकाळी दुसऱ्याच्या बायकोकडून कळलं. धाकटा चौथीला आहे, तो पण आता शिकलाय, दारातूनच ओरडतो, "मम्मी, भरलेला आहे!"

आता पिशवी. पिशवी अगदी रद्दी. चेन दुसऱ्या महिन्यात गेली, आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे ते कापड वास धरतं. पहिले काही दिवस हे धुराचे कपडे अन् डबा एकाच बॅगेत आणायचे, मग पिशवीला असा वास की चार वेळा धुऊन पण जाईना. काजळी म्हणजे नुसता मळ नाही, आजकाल आगीत प्लास्टिक, फोम, वायर काय काय जळतं. २०२२ ला डब्ल्यूएचओच्या कॅन्सरवर काम करणाऱ्या संस्थेनं फायरमनचं कामच कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलंय, त्यात तंबाखू अन् ॲस्बेस्टॉस पण आहे. हे वाचल्यापासून कामाचे कपडे वेगळ्या पिशवीत, वेगळे धुवायचे, पोरांच्या कपड्यांत नाही. आणि डब्याला मी साधी रेक्झिनची पिशवी शिवून घेतली, ओल्या फडक्यानं पुसली की झालं.

दिवाळीत डब्याचं कौतुक वेगळंच. लक्ष्मीपूजनाच्या रात्री हे घरी कधीच नसतात, ज्या दिवशी सगळे फटाके उडवतात त्या दिवशी ह्यांना सुट्टी कोण देणार. २०१६ ला ऐन दिवाळीत औरंगाबादचं फटाका मार्केट जळालं तेव्हापासून सासूबाई त्या रात्री टीव्ही लावूनच बसतात. ह्या वेळी डब्यात पुरणपोळी, कटाची आमटी अन् भजी दिली, भजी मऊ पडली (पडणारच), कट मात्र शिफ्टमधल्या पाच जणांनी गरम गरम पिला.

उन्हाळ्यात मी उलटं केलं. १४ एप्रिलला आमच्याकडं दोन गोष्टी एकदम येतात, बाबासाहेबांची जयंती, मिरवणूक रात्री उशिरापर्यंत अन् गाडी स्टँडबाय, आणि अग्निशमन दिन. १९४४ ला त्याच तारखेला मुंबईच्या गोदीत दारूगोळा अन् कापसाच्या गाठी भरलेलं जहाज फुटलं, ६६ फायरमन गेले, त्यांच्या आठवणीत पाळतात. त्या दिवशी आतले डबे काढून नुसत्या बाहेरच्या भांड्यात बर्फ घालून ताक भरून दिलं. परभणीचं ऊन काय सांगायचं, पण रात्री अकराला पण ताकात बर्फाचे तुकडे होते. ह्यासाठी पूर्ण मार्क.

तक्रार झाकणातल्या रबराच्या रिंगची. ठेचा एकदा दिला की रिंग आठवडाभर ठेचाच, ताकाला पण वास आला होता जरा. सोडा लावून उन्हात ठेवलं की कमी होतो. पण मे महिन्यात ती रिंग सैल पडली आणि आमटी पिशवीत. दुकानात गेले तर म्हणतो सुटी रिंग येत नाही, कंपनीकडून मागवावी लागंल. पाच आठवडे झाले, रोज उद्या. कुकरची रिंग कापून बसवायचा प्रयत्न ह्यांनी केला, बसली नाही. सध्या झाकणाखाली पातळ फडकं घालून चालवायलेत, सांडत नाही पण गरमी दोन तास आधीच जाती.

माझ्याकडून पाचातले तीन स्टार, रिंग आली तर साडेतीन. घेताना झाकण उघडून रिंग हातानं काढता येते का बघा, अन् दुकानदाराकडून एक जास्तीची तिथंच मागून घ्या, नंतर तो ओळख पण देत नाही. तीन डब्यांचाच घ्या, दोनचा अपुरा पडतो, कारण तिथं कोणी एकटं जेवत नाही. आणि कुणाला परभणी-नांदेडकडं अशी सुटी रिंग मिळाली असंल तर सांगा, झाकणाचं तोंड आतून साधारण चार बोटं आहे.