गिअरचा सेट नवा बसवल्यावर डिफरन्शियलचा आवाज: चालवत बघायचं की पुन्हा उघडायचं?

डिफरन्शियल म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांना वाटून देणारी यंत्रणा. तिच्यातल्या क्राऊन (मोठं दातेरी चाक) आणि पिनियन (त्याला फिरवणारं लहान चाक) यांचा नवा सेट बसवला, गाडी रस्त्यावर आली आणि मागून एकसुरी हुंकार सुरू झाला. आता कोणी म्हणतं, थोडी चालवा, दात आपोआप बसतील. कोणी म्हणतं, लगेच उघडा. माझं मत स्पष्ट आहे: आवाज नेमका कशाचा हे कळेपर्यंत चालवत राहू नये. चुकीच्या जागी घासलेले दात नंतर अचूक बसवले तरी बऱ्याचदा शांत होत नाहीत.

म्हणून आधी ओळख पटवायची. सपाट रस्त्यावर एकच वेग धरा आणि तीन स्थितींत ऐका: ॲक्सिलरेटर दाबलेला, वेग टिकेल इतपतच हलका पाय, आणि पाय पूर्ण काढलेला. पायाबरोबर आवाज बदलला तर संशय दातांवर. जोर देताना हुंकार येत असेल तर पिनियनची खोली (पिनियन क्राऊनच्या किती आत बसलाय) किंवा बॅकलॅश (जुळलेल्या दातांमधली मोकळीक) चुकलेला असण्याची शक्यता मोठी. बेअरिंगची घरघर मात्र पायापेक्षा वेगाच्या मागे जाते. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. पिनियन बेअरिंगचा प्रीलोड (बसवतानाच दिलेला ताण) सैल राहिला तर पाय काढल्यावरच आवाज उठतो, आणि तो दातांचाच वाटतो.

कानावर भरवसा नसेल तर फोनवर आवाजाची फ्रिक्वेन्सी दाखवणारं ॲप लावा. समजा क्राऊनला ४१ दात, पिनियनला १० आणि टायरचा घेर २ मीटर. ताशी ७२ किमी म्हणजे सेकंदाला २० मीटर, म्हणजे चाकाचे १० फेरे. क्राऊन चाकाबरोबर फिरतो, म्हणून दात सेकंदाला १० × ४१ = ४१० वेळा जुळतात, तेव्हा ४१० हर्ट्झजवळ टोकदार शिखर दिसलं तर आवाज दातांचाच. त्याच वेगाला पिनियनला फिरवणारा लांब दांडा, म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट, सेकंदाला ४१ फेरे मारतो, कारण रेशो (क्राऊनचे दात भागिले पिनियनचे) ४.१ आहे. आधीचा रेशो ३.७३ असेल तर शाफ्ट ३७च मारत होता. त्यामुळे शाफ्टचा जुना, दबलेला असमतोल नवा सेट बसवल्यावर वर येतो आणि दोष डिफरन्शियलवर जातो. हे तपासल्याशिवाय हाऊसिंगला (डिफरन्शियलच्या कवचाला) हात लावू देऊ नका.

रस्त्याचा पृष्ठभाग बदलल्यावर आवाज बदलला तर टायर बघा; वळणावर एका बाजूला भार गेल्यावर वाढला तर चाकाचं बेअरिंग. लिमिटेड स्लिप (एकच चाक मोकळं फिरू न देणारं डिफरन्शियल) असलेल्या गाडीत सावकाश, तीव्र वळणावर खडखड थरथर होत असेल तर आधी योग्य ऑइल आणि त्याचं ॲडिटिव्ह. उघडायची घाई नको.

आता निर्णय. आवाज अगदी मंद, एखाद्या अरुंद वेगपट्ट्यातच, हाऊसिंग जास्त तापत नाही आणि बसवतानाचा दातांवरचा ठसा (दात एकमेकांना कुठे टेकतात त्याची खूण) चांगला होता, तर चालवणं रास्त. सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटं हलक्या हाताने चालवून पूर्ण थंड होऊ द्यावी, पहिले ८०० किमी ओझं ओढू नये, मग ऑइल बदलावं. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करडी पेस्ट असणं सामान्य; चकचकीत कपचे असले तर गाडी तिथेच थांबवा. घट्ट ऑइल टाकून आवाज दाबण्याच्या मी ठाम विरोधात आहे. त्याने फक्त इशारा बंद होतो, झीज चालूच राहते.

हुंकार स्पष्ट आणि पायाबरोबर बदलणारा असेल, किंवा दिवसागणिक वाढत असेल, तर पुन्हा उघडणंच स्वस्त पडतं. मजुरी दुसऱ्यांदा जाते हे खरं, पण सेट वाचण्याची संधी सुरुवातीलाच असते. उघडल्यावर दातांना मार्किंग पेस्ट लावून ठशाचा फोटो मागा. ठसा दाताच्या मुळाकडे किंवा शेंड्याकडे सरकलेला असेल तर बॅकलॅश कमी-जास्त करून भागत नाही, पिनियनचा शिमच (खोली ठरवणारी पातळ चकती) बदलावा लागतो. बॅकलॅश साधारण ०.१५ ते ०.२५ मिमीत येतो, तरी सेटबरोबर आलेला आकडाच प्रमाण. बॅकलॅश क्राऊनवर चार ठिकाणी मोजून घ्या. फरक जास्त आला तर क्राऊन वाकडा बसलाय. पिनियन सोडवला असेल तर दबलेली क्रश स्लीव्ह (दबून प्रीलोड राखणारी नळी) आणि जुना नट परत वापरू देऊ नका. आणि दात खराबच झाले असतील तर क्राऊन व पिनियन जोडीनेच बदला, कारण ते एकमेकांवर घासून जुळवलेले असतात.