अटारी २६०० आणि जुन्या कार्ट्रिजेस : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

१९७७ साली बाजारात आलेला अटारी २६०० हा टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम संच आणि त्याच्या जमवलेल्या कार्ट्रिजेस (संचात खोचायच्या, खेळ साठवलेल्या डब्या) मी गेले कित्येक महिने नियमितपणे वापरतो आहे. या वापरातून माझे मत पक्के झाले आहे की संग्राहकाने लेबल आणि खोके पाहण्याआधी आतला सर्किट बोर्ड पाहावा.

बोर्ड सहसा शाबूत असतो. मास्क रॉम या बोर्डावरच्या स्मृतिचिपमधला प्रोग्राम कारखान्यातच चिपच्या रचनेत कायमचा कोरलेला असल्यामुळे तो टिकवायला वीज लागत नाही. ‘बंद’ म्हणून स्वस्तात मिळालेल्या कार्ट्रिजेसपैकी बऱ्याच केवळ मळलेल्या निघाल्या. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला कापूस पिनांवरून फिरवला की काळपट थर कापसावर उतरतो आणि पडद्यावर चित्र येते. फुंकर मात्र मारू नये, कारण श्वासातल्या ओलाव्याने पिना गंजतात. सँडपेपर तर अजिबात वापरू नये, त्याने वरचा मुलामाच निघून जातो.

या संचाचे खरे वैभव मला त्याच्या ६५०७ या मायक्रोप्रोसेसरमध्ये दिसते. १९७५ साली अवघ्या २५ डॉलरला विकायला आलेल्या ६५०२ चीच ही २८ पायांची, आणखी स्वस्त आवृत्ती. पाय कमी केल्यामुळे स्मृतीतली जागा दाखवणाऱ्या पत्त्याच्या १३ च वाहिन्या उरल्या, म्हणजे एकूण ८ किलोबाइटचा आवाका, आणि त्यातले ४ कार्ट्रिजच्या वाट्याला. रॅम तर फक्त १२८ बाइट, त्यामुळे पूर्ण चित्र साठवायला जागाच नाही. प्रोग्रामने पडद्याची प्रत्येक ओळ उमटत असतानाच टीआयए या चित्रचिपला पुढचा तपशील पुरवायचा, आणि त्यासाठी एका ओळीमागे प्रोसेसरची ७६ आवर्तने (घड्याळाचे ठोके) मिळतात. अनेक खेळांत पडद्याच्या डाव्या कडेला आखूड काळ्या रेघा दिसतात. त्या बिघाडाच्या नाहीत. आकृत्या आडव्या सरकवण्याची आज्ञा दिली की त्या ओळीचा सुरुवातीचा भाग काळा राहतो. हे कळल्यापासून मी त्या रेघा मुद्दाम शोधतो, कारण प्रोसेसर काम करताना प्रत्यक्ष दिसावा अशी दुसरी जागा माझ्या पाहण्यात नाही.

महाग कार्ट्रिज घेताना चिपवरचा तारखेचा आकडा जरूर वाचावा. ‘८२१४’ म्हणजे १९८२ चा चौदावा आठवडा. पहिल्या छपाईची म्हणून सांगितलेल्या प्रतीत तो खेळ बाजारात आल्याच्या बऱ्याच नंतरची चिप निघाली, तर विक्रेत्याकडे खुलासा मागावा. खिडकीच्या ईप्रॉमवरचा (पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या स्मृतिचिपवरचा) कागद मात्र सोलू नये, कारण अतिनील प्रकाशाने आतला मजकूर पुसला जातो.

निन्टेन्डोच्या एनईएस या गेम संचाच्या काही कार्ट्रिजेसमध्ये खेळाची प्रगती जपणारी बॅटरी असते. तिथे मास्क रॉमसारखी निश्चिंती नाही: बॅटरी काढताक्षणी जपलेली नोंद जाते, म्हणून ती हवी असेल तर त्या बॅटरीवर टिकणाऱ्या रॅममधला मजकूर आधी कार्ट्रिज-रीडरने उतरवून घ्यावा आणि मगच सोल्डरिंगची डागणी हातात घ्यावी.