अथेन्समधली अर्ध्या दिवसाची गाइडेड टूर: पाच मुली आणि एक रिकामी जागा

पाचपैकी साडेतीन तारे. गाइड उत्तम, कंपनीचं नियोजन भिकार. "सकाळी आठला ॲक्रोपोलिसच्या टेकडीवर" म्हणाले होते. गट जमेपर्यंत पावणेदहा वाजले. वरच्या पार्थेनॉन या प्राचीन देवळापाशी पोहोचलो तेव्हा डोक्यावर ऊन, सावली औषधालाही नाही, त्यात क्रूझवाल्यांची तोबा गर्दी. वरचा संगमरवर पावलांनी घासून इतका गुळगुळीत झालाय की चपला घातलेले आमचे हे दोनदा घसरले. बूटच घाला.

१६८७ मध्ये व्हेनिसच्या तोफगोळ्याने पार्थेनॉन फुटलं, कारण तुर्कांनी आत दारूगोळा भरला होता. गाइड बाई हे कालच घडल्यासारखं चिडून सांगत होती!

खरे पैसे वसूल झाले ते खालच्या ॲक्रोपोलिस संग्रहालयात. काचेच्या जमिनीखाली जुन्या वस्तीचं उत्खनन दिसतं. ह्यांनी तिथे पाय ठेवायलाच नकार दिला. टेकडीवरच्या इरेक्थिऑन या दुसऱ्या देवळाच्या ओसरीचं छप्पर डोक्यावर पेलणाऱ्या दगडी मुली इथे आहेत, टेकडीवर आता नुसत्या प्रतिकृती. सहापैकी पाचच. सहावी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये, म्हणून तिची जागा रिकामी ठेवलीय. मागून जाऊन त्यांच्या वेण्या जरूर बघा. दगडातल्या, पण आजीने तेल लावून घट्ट घातल्यासारख्या जाडजूड. मी तिथे वीस मिनिटं उभी होते, गट पुढे निघून गेला तरी.

पुन्हा गेले तर टेकडी पहाटे उठून आपली आपण चढेन, गाइड फक्त संग्रहालयापुरती घेईन.